मोजूनमापून घट : कोॲक्सियल ॲटेन्युएटर निवडताना

नव्वदच्या दशकात घरोघरी केबल टीव्ही पोचला, तेव्हा एक कोडे अनेक ठिकाणी पडायचे. खांबावरच्या ॲम्प्लिफायरपासून लांब राहणाऱ्यांच्या पडद्यावर मुंग्या दिसायच्या. त्यात नवल नव्हते. एवढी लांबलचक केबल पार करता करता सिग्नल क्षीण होणारच. कोडे होते ते ॲम्प्लिफायरच्या अगदी खाली राहणाऱ्या घराचे. तिथे सिग्नल भरपूर, तरीही चित्रावर तिरप्या रेघा उमटायच्या आणि एका चॅनेलवर दुसऱ्या चॅनेलची सावली सरकायची. तक्रार गेली की केबलवाला यायचा, खिशातून बोटाच्या पेराएवढी धातूची नळी काढायचा आणि टीव्हीमागे केबलच्या टोकाला बसवायचा. चित्र स्वच्छ व्हायचे.

त्या नळीने चित्रात काहीच भर घातलेली नसायची. उलट तिने सिग्नल कमी केलेला असायचा.

मंगल कार्यालयात माईक ओठांना चिकटवून बोलणाऱ्याचा आवाज फाटतो, तोच हा प्रकार. माईकमागचा ॲम्प्लिफायर एका मर्यादेपर्यंतच आवाजाचा चढउतार जसाच्या तसा मोठा करू शकतो. मर्यादा ओलांडली की तो ध्वनिलहरींचे शेंडे छाटतो आणि मूळ आवाजात नसलेले सूर त्यात मिसळतात. टीव्हीच्या ट्यूनरचेही तसेच होते. फार जोरकस सिग्नल आले की ते ट्यूनरच्या आत एकमेकांत मिसळतात आणि नको ती सावली तयार होते. उपाय एकच : सिग्नल आत शिरण्याआधीच ट्यूनरला पेलेल इतका करायचा.

हे काम करणाऱ्या नळीला ॲटेन्युएटर म्हणतात. ठरावीक घट देणाऱ्या नळीला तंत्रज्ञ नुसते ‘पॅड’ म्हणतात. केबलवाल्याच्या पॅडची अधिक काटेकोर भावंडे रडारमध्ये, मोबाइलच्या टॉवरवर, उपग्रहांच्या चाचणीत आणि रेडिओ दुर्बिणींत बसलेली असतात. ‘सिग्नल कमी करणे’ हे काम दिसायला सोपे, पण निवड चुकली तर कधी मोजमाप चुकते, कधी लाखमोलाचे यंत्र जळते. म्हणून ही नळी कशी चालते आणि कशी निवडावी, हे समजून घेण्यासारखे आहे.

### डेसिबल : शून्ये उडवण्याचे गणित

ॲटेन्युएटरवर ३, ६, १०, २० असे आकडे कोरलेले असतात. ते डेसिबलचे असतात. टेलिफोनच्या तारांतली घट मोजण्यासाठी अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या अभियंत्यांनी १९२० च्या दशकात हे एकक रूढ केले आणि त्याला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे नाव दिले.

त्याचे गणित सोपे आहे. १० डेसिबल घट म्हणजे शक्तीचा दहावा भाग उरतो, म्हणजेच आकड्यातले एक शून्य उडते. २० डेसिबलला दोन शून्ये उडतात, ३० डेसिबलला तीन. आणि ३ डेसिबल म्हणजे जवळजवळ बरोबर निम्मे. एवढ्या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या की बहुतेक हिशेब तोंडी करता येतात. १३ डेसिबल म्हणजे आधी दहावा भाग, मग त्याचा निम्मा : विसावा भाग.

डेसिबलची मोठी सोय अशी की एकापुढे एक जोडलेल्या पॅडची घट गुणावी लागत नाही, नुसती मिळवायची. १० चा पॅड आणि त्यापुढे २० चा पॅड मिळून ३० डेसिबल.

शक्ती सांगायलाही हीच पट्टी वापरतात. एक मिलिवॉटला शून्य डीबीएम म्हणायचे. मग १ वॉट म्हणजे ३० डीबीएम, १०० वॉट म्हणजे ५० डीबीएम आणि त्याच्या निम्मे, ५० वॉट, म्हणजे ४७ डीबीएम. ४७ डीबीएमच्या सिग्नलला ३० डेसिबलचा पॅड लावला की पलीकडे १७ डीबीएम, म्हणजे ५० मिलिवॉट पोचतात.

### नळीच्या पोटात काय असते?

कोॲक्सियल केबल म्हणजे मध्ये एक तार, तिच्याभोवती विद्युतरोधक थर आणि त्याभोवती धातूचे कवच. या केबलमधून लाट जाते ती तार आणि कवच यांच्या मधल्या जागेतून. केबलच्या घडणीनुसार त्या लाटेला विद्युतदाब आणि प्रवाह यांचे एक ठरावीक प्रमाण लाभते. त्याला इम्पिडन्स म्हणतात आणि ते ओहममध्ये मोजतात. मायक्रोवेव्हच्या जगात ते ५० ओहम असते, टीव्हीच्या केबलमध्ये ७५. पन्नासचा आकडा तडजोडीतून आला. पोकळीत हवा असलेल्या केबलमध्ये सर्वांत कमी घट ७७ ओहमच्या आसपास होते, तर सर्वांत जास्त शक्ती ३० ओहमच्या आसपास वाहून नेता येते. पन्नास हा या दोन्हींच्या मधला मार्ग.

शेतात पाटाची रुंदी एकाएकी बदलली की पाणी तिथे थडकून मागे उसळी घेते. केबलमध्येही इम्पिडन्स जिथे बदलते तिथून लाटेचा काही भाग मागे फिरतो. म्हणून वाटेत नुसता एक रेझिस्टर टाकून भागत नाही. सिग्नल कमी होईल, पण लाट उलटी परतू लागेल. घट तर व्हावी, आणि दोन्ही बाजूंनी पाहणाऱ्या केबलला मात्र आपल्यापुढे ५० ओहमचीच केबल आहे असे वाटावे, ही खरी अट आहे.

त्यासाठी निदान तीन रेझिस्टर लागतात. ग्रीक ‘पाय’ अक्षराच्या आकारात ते मांडतात : दोन उभे, मधल्या तारेपासून कवचापर्यंत, आणि एक आडवा, मधल्या तारेच्या वाटेत. १० डेसिबलच्या पॅडमध्ये उभे रेझिस्टर ९६.२५ ओहमचे आणि आडवा ७१.१५ ओहमचा लागतो. पडताळा घेऊन पाहता येतो. पलीकडे ५० ओहमचे उपकरण जोडले की ते आणि शेजारचा उभा रेझिस्टर समांतर जोडणीत मिळून ३२.९ ओहम होतात. त्यात आडवा मिळवला की १०४ ओहम. त्याला अलीकडचा उभा रेझिस्टर समांतर जोडला की उत्तर पुन्हा ५० ओहम. तीन रेझिस्टर टाकूनही केबलला बदल जाणवत नाही. मागे फिरण्याऐवजी शक्तीचे नऊ भाग उष्णता होऊन जातात आणि एक भाग पुढे सरकतो.

कागदावर हे सोपे आहे. पण १८ गिगाहर्ट्झला हवेतली तरंगलांबी जेमतेम १६.७ मिलिमीटर असते. तिथे साध्या रेझिस्टरचे पायसुद्धा कॉइलसारखे वागू लागतात. म्हणून मायक्रोवेव्ह पॅडमध्ये सिरॅमिकच्या चिमुकल्या पट्टीवर निक्रोम किंवा टँटॅलम नायट्राइडचा अतिपातळ थर चढवतात आणि तोच थर रेझिस्टरचे काम करतो. पट्टीचा आकार, थराची जाडी आणि भोवतालच्या नळीचा व्यास या तिन्हींचा मेळ जितका अचूक, तितक्या वरच्या वारंवारतेपर्यंत पॅड खरा आकडा देतो. किंमत वाढते ती याच कारागिरीमुळे.

### पहिला प्रश्न : किती डेसिबल?

समजा, ५० वॉटचा एक ट्रान्समीटर तपासायचा आहे आणि हाताशी स्पेक्ट्रम ॲनालायझर आहे. हे यंत्र कोणत्या वारंवारतेला किती शक्ती आहे, याचा आलेख दाखवते. त्याच्या तोंडाशी लिहिलेले असते : कमाल ३० डीबीएम, म्हणजे १ वॉट. ट्रान्समीटर ४७ डीबीएम देतो. म्हणजे निव्वळ यंत्र वाचवायलाच १७ डेसिबल हवेत.

पण जेमतेम वाचवणे पुरेसे नाही. मर्यादेच्या काठावर चालणारे यंत्र माईकसारखेच फाटते आणि ट्रान्समीटरमध्ये नसलेले सिग्नल पडद्यावर दाखवते. तपासणारा मग निर्दोष ट्रान्समीटरला दोष देत बसतो. म्हणून ३० किंवा ४० डेसिबल घ्यावेत. त्याउलट ७० डेसिबल लावले तर ट्रान्समीटरचे बारीकसारीक दोष यंत्राच्या स्वतःच्या खरखरीखाली बुडून जातील. पॅडची घट नेहमी या दोन टोकांच्या मध्ये बसवायची असते.

पडद्यावर दिसणारा नको तो सिग्नल खरा की यंत्रातच तयार झालेला, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी अनुभवी तंत्रज्ञ वापरतात. यंत्राच्या तोंडाशी आणखी १० डेसिबलचा पॅड जोडायचा. सिग्नल खरा असेल तर तो बरोबर १० डेसिबलनेच खाली येईल. त्याहून जास्त घसरला, तर तो यंत्राच्या आत जन्मलेला आहे.

### दुसरा प्रश्न : उष्णता कोण सोसणार?

वरच्या उदाहरणात ३० डेसिबलच्या पॅडमधून पुढे जातात फक्त ५० मिलिवॉट. उरलेले ४९.९५ वॉट पॅडच्या पोटातच उष्णता होतात. सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॉटचे असते हे आठवले म्हणजे या नळीवर काय गुदरते ते कळते. म्हणून मोठ्या शक्तीच्या पॅडला पंख्यांसारख्या पात्यांचे मोठे ॲल्युमिनियमचे कवच असते. ५० वॉटच्या कामाला १०० वॉटचा पॅड घेणे, म्हणजे दुप्पट वाव ठेवणे, शहाणपणाचे.

दोन पॅड एकापुढे एक जोडताना पहिल्या पॅडवर सर्वांत जास्त भार पडतो. १०० वॉटच्या वाटेत आधी १० डेसिबलचा पॅड असेल तर त्याला ९० वॉट पचवावे लागतात. पुढच्या २० डेसिबलच्या पॅडकडे फक्त १० वॉट येतात. हाच क्रम उलटा केला आणि दुबळा पॅड आधी आला, तर तो काही क्षणांत जळतो. मोठ्या शक्तीच्या काही पॅडमध्ये तर आतली रचनाच एकतर्फी असते : आत येणाऱ्या बाजूचा भाग जाड आणि दणकट, बाहेर जाणाऱ्या बाजूचा नाजूक. अशा पॅडवर ‘इनपुट’ ही खूण असते आणि तो उलटा लावून चालत नाही.

माहितीपत्रकातला वॉटचा आकडा बहुधा २५ अंश सेल्सिअस तापमानाचा असतो. तापमान वाढले की तो घटतो. समजा, एखाद्या पॅडची क्षमता २५ अंशांना पूर्ण आणि १२५ अंशांना शून्य अशी सरळ रेषेत उतरते. मग ७५ अंशांना ती निम्मीच उरते. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद पेटीत पॅड बसवायचा असेल, तर हिशेब त्या पेटीतल्या हवेचा धरायला हवा, वातानुकूलित प्रयोगशाळेचा नव्हे.

रडारच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. दिवसभर पाठीवर ओझे वाहणे वेगळे आणि घणाचा एक घाव सोसणे वेगळे. समजा, एका रडारचा स्पंद १ किलोवॉटचा आहे, तो १ मायक्रोसेकंद टिकतो आणि सेकंदाला असे १,००० स्पंद निघतात. सरासरी शक्ती भरते अवघी १ वॉट. २ वॉटचा पॅड पुरेल असे वाटते. पण त्याच पॅडची क्षणिक शक्तीची मर्यादा ५०० वॉट असेल, तर हा घाव त्याला दुप्पट भारी पडतो. पातळ थरावर ठिणगी उडते, रेझिस्टरची किंमत बदलते आणि नळी बाहेरून धडधाकट दिसत असली तरी आतून खोटी होते. म्हणून सरासरी आणि क्षणिक, दोन्ही आकडे वाचावेत.

इथे एक गंभीर इशारा. मोठ्या शक्तीच्या काही पॅडमध्ये उष्णता झटकन वाहून नेण्यासाठी बेरिलियम ऑक्साइडचे सिरॅमिक वापरतात. ते अखंड असताना निर्धोक असते, पण त्याची धूळ श्वासावाटे गेली तर फुप्फुसांना कायमची इजा करू शकते. जळालेला पॅड कुतूहलापोटी फोडून, कानसून किंवा घासून पाहू नये.

### तिसरा प्रश्न : कोणती वारंवारता, कोणते तोंड?

पॅडची वारंवारतेची मर्यादा बऱ्याचदा त्याच्या तोंडावरूनच, म्हणजे कनेक्टरवरून ओळखता येते. वारंवारता वाढते तशी तरंगलांबी आखूड होते. केबलचा व्यास तिच्या मानाने मोठा राहिला, तर लाट सरळ जाण्याऐवजी वेड्यावाकड्या वाटांनीही जाऊ लागते. म्हणून वरच्या वारंवारतेला बारीक तोंडे लागतात.

फिरकीने अडकणारा बीएनसी साधारण ४ गिगाहर्ट्झपर्यंत चालतो. दणकट एन प्रकार ११ पर्यंत, आणि काटेकोर बनावटीचा असेल तर १८ पर्यंत. हा कनेक्टर बेल प्रयोगशाळेतल्या पॉल नील यांनी १९४० च्या दशकात घडवला आणि त्यांच्या आडनावाचे पहिले अक्षर त्याला मिळाले. सर्वत्र आढळणारा एसएमए साधारण १८ पर्यंत जातो. त्यापुढे तोंडाच्या आतल्या व्यासावरूनच नावे पडली आहेत : २.९२ मिलिमीटरचा ४० गिगाहर्ट्झपर्यंत, २.४ चा ५० पर्यंत, १.८५ चा ६७ पर्यंत आणि १ मिलिमीटरचा ११० पर्यंत.

एसएमए, ३.५ आणि २.९२ मिलिमीटर ही तोंडे एकमेकांत बसतात, तशीच २.४ आणि १.८५ ही. पण बसते म्हणून सगळेच ठीक असते असे नाही. ५० ओहमच्या एन कनेक्टरची मधली पिन ७५ ओहमच्या पिनेपेक्षा जाड असते. ती ७५ च्या तोंडात दाबली तर तिथली नाजूक पकड कायमची पसरते. जोड आवळण्याचेही माप ठरलेले आहे. पितळी एसएमएला साधारण ०.५६ न्यूटन-मीटर, तर स्टीलच्या काटेकोर तोंडांना ०.९ च्या आसपास. त्यासाठी ठरावीक जोरानंतर सुटणारा टॉर्क पाना मिळतो. पक्कड लावणे म्हणजे तोंड बिघडवणे.

वारंवारतेचे खालचे टोकही विसरू नये. डीटीएचच्या छत्रीकडे जाणाऱ्या केबलमधून सिग्नल खाली येतो आणि त्याच तारेतून छत्रीवर सिग्नल टिपणाऱ्या एलएनबी या भागाला १३ किंवा १८ व्होल्टचा वीजपुरवठा वर जातो. त्या वाटेत ७५ ओहमचा साधा १० डेसिबल पॅड घातला, तर पुरवठ्याच्या बाजूच्या उभ्या रेझिस्टरवरच १८ व्होल्टला दोन वॉटहून जास्त उष्णता होते आणि एलएनबीला पुरेसे व्होल्ट पोचत नाहीत. अशा जागी वीज बाजूने वाट काढून नेणारा, ‘डीसी पास’ प्रकारचा पॅड लागतो.

### चौथा प्रश्न : पडसाद किती?

केशकर्तनालयात समोरासमोर दोन आरसे असतात. त्यांत आपल्या प्रतिमांची रांगच्या रांग दिसते. मायक्रोवेव्हच्या मोजमापात नेमके हेच नको असते. ट्रान्समीटरचे तोंड आणि मापकाचे तोंड, दोन्ही थोडे थोडे परावर्तन करतात. लाट त्या दोघांमध्ये येरझाऱ्या घालते. या येरझाऱ्यांतल्या लाटा मूळ लाटेत कधी मिळतात, कधी तिला छेद देतात, आणि मापकावरचा आकडा केबल बदलली किंवा वारंवारता सरकली की डळमळतो.

तोंड किती परावर्तन करते हे व्हीएसडब्ल्यूआर या आकड्याने सांगतात. १ म्हणजे परावर्तन शून्य. १.५ म्हणजे ४ टक्के शक्ती परत फिरते, २ म्हणजे सुमारे ११ टक्के.

आता त्या दोन आरशांच्या मधोमध एक काळी काच उभी केली तर? समोरचा दिवा काचेतून एकदाच पाहिला जातो, म्हणून थोडासाच मंदावतो. पण आरशावर आपटून परतणारा प्रकाश काचेतून जाताना एकदा आणि येताना एकदा छाटला जातो. मधला पॅड हेच करतो. १० डेसिबलच्या पॅडमधून जाऊन परत आलेली लाट २० डेसिबलने, म्हणजे शंभरपट क्षीण होते.

आकड्यांत पाहिले तर फरक डोळ्यांत भरतो. ट्रान्समीटर आणि मापक, दोघांचाही व्हीएसडब्ल्यूआर २ असेल, तर मोजलेली शक्ती खऱ्या शक्तीच्या ७९ टक्क्यांपासून १२३ टक्क्यांपर्यंत कुठेही पडू शकते. मध्ये १० डेसिबलचा चांगला पॅड घातला की ही चूक अधिक-उणे २ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणूनच सिग्नल आधीच माफक असला तरी जाणकार मुद्दाम ३ किंवा ६ डेसिबलचा पॅड मध्ये जोडतात. त्यांना घट नको असते. पडसाद शमवायचे असतात.

अर्थात काळी काच स्वतःच चकाकणारी असेल तर उपयोग नाही. पॅडचा स्वतःचा व्हीएसडब्ल्यूआर १.१५ किंवा १.२ असा कमी असायला हवा, आणि तोही वापराच्या संपूर्ण पट्ट्यात.

### पाचवा प्रश्न : ठाम की बदलता?

एकच काम रोज करायचे असेल तर ठाम आकड्याचा पॅड सर्वांत अचूक, टिकाऊ आणि स्वस्त. प्रयोगशाळेत मात्र घट बदलावी लागते. तिथे स्टेप ॲटेन्युएटर कामाला येतो. त्यात अनेक पॅड असतात आणि बटण फिरवले की हवे ते वाटेत येतात. ह्यूलेट-पॅकार्डचा ३५५-डी हा अशा पेट्यांमधला एक प्रसिद्ध नमुना : १ गिगाहर्ट्झपर्यंत, शून्यापासून १२० डेसिबलपर्यंत, दहा-दहाच्या पायऱ्यांनी. त्याच कंपनीचे ८४९४ आणि ८४९५ हे १८ गिगाहर्ट्झपर्यंत चालणारे. पहिला १-१ डेसिबलने ११ पर्यंत, दुसरा १०-१० ने ७० पर्यंत. दोन्ही एकापुढे एक जोडले की ८१ डेसिबलपर्यंतची कोणतीही पायरी मिळते.

यांत धातूच्या पट्ट्या प्रत्यक्ष हलतात. म्हणून त्यांना शक्ती बरी पेलते, पण पट्ट्या झिजतात आणि घट बदलायला काही मिलिसेकंद जातात. दिवसरात्र आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत, जिथे घट सेकंदाला शेकडो वेळा बदलते, तिथे पिन डायोड किंवा ट्रान्झिस्टरचे इलेक्ट्रॉनिक ॲटेन्युएटर वापरतात. त्यांत हलणारे काही नसते आणि बदल मायक्रोसेकंदांत होतो. मात्र जास्त शक्ती आली की ते स्वतःच सिग्नल विकृत करतात.

घेताना एक बारीक गोष्ट पाहावी. स्टेप ॲटेन्युएटर शून्यावर ठेवला तरी त्यातून जाताना सिग्नल थोडा घटतोच. त्यावरचे आकडे त्या शून्यापासून मोजलेले असतात. सुरुवातीची ही घट वेगळी मोजून हिशेबात धरावी लागते.

अचूकतेचा दर्जाही कामानुसार ठरतो. नुसते यंत्र वाचवायचे असेल तर अर्ध्या डेसिबलची चूक चालते. पण काही कामांत पॅड हीच मोजपट्टी असते. शक्तिमापक पडताळण्यासाठी ५० मेगाहर्ट्झला १ मिलिवॉट देणारा स्रोत असतो. ह्यूलेट-पॅकार्डच्या ८४८४-ए या अतिसंवेदनशील मापकाला ती शक्ती फार होते. म्हणून ११७०८-ए हा ३० डेसिबलचा खास पॅड मध्ये जोडून नेमका १ मायक्रोवॉट दिला जातो. इथे पॅड चुकला तर पुढचे प्रत्येक माप चुकते. अशा कामासाठी वेगवेगळ्या वारंवारतांना प्रत्यक्ष मोजलेले आकडे सोबत देणाराच पॅड घ्यावा.

### पॅड कुठे लावू नये, आणि कुठे अटळ आहे

कोणताही गरम रेझिस्टर स्वतः खरखर निर्माण करतो. बेल प्रयोगशाळेत जॉन जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये हे दाखवले. त्याचा परिणाम असा : क्षीण सिग्नल टिपणाऱ्या रिसीव्हरच्या तोंडाशी ३ डेसिबलचा पॅड लावला, तर सिग्नल निम्मा होतो पण खरखर तेवढीच राहते. गमावलेले पुढे कितीही ॲम्प्लिफाय केले तरी परत मिळत नाही. म्हणून अशा रिसीव्हरमध्ये पहिला ॲम्प्लिफायर आधी आणि पॅड नंतर.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण याचे सुंदर उदाहरण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकांची कुजबुज ऐकण्यासाठी उभ्या केल्या आहेत. पण शास्त्रज्ञांना कधी सूर्याचाही अभ्यास करायचा असतो, आणि त्या कानांना सूर्य म्हणजे कर्णकर्कश आरडाओरडा. म्हणून तिच्या रिसीव्हरच्या रचनेतच पहिल्या ॲम्प्लिफायरच्या नंतर ‘सोलर ॲटेन्युएटर’ ठेवले गेले : गरजेनुसार १४, ३० किंवा ४४ डेसिबल. केबलवाल्याच्या नळीने ॲम्प्लिफायरखालच्या घरात जे केले, तेच इथे सूर्यासाठी केले जाते.

याच्या दुसऱ्या टोकाला क्वांटम संगणक आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्यातली डीआरडीओची तरुण शास्त्रज्ञांची क्वांटम प्रयोगशाळा यांनी २०२४ मध्ये अतिवाहक परिपथांवर चालणाऱ्या ६ क्युबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. असे क्युबिट निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही शतांशांइतक्याच तापमानाला ठेवावे लागतात. त्यांना आज्ञा मात्र खोलीच्या तापमानाला, सुमारे ३०० केल्विनला असलेल्या यंत्रांकडून कोॲक्सियल केबलमधूनच जातात. केबलबरोबर बाहेरची उष्ण खरखर आत शिरली तर क्युबिट बिथरतात.

इथे पॅड पायरीपायरीने लावतात. सर्वसाधारण मांडणीत ४ केल्विनच्या मजल्यावर २० डेसिबल, एक दशांश केल्विनच्या आसपास आणखी २०, आणि सर्वांत थंड तळाला आणखी २० असतात. पहिला पॅड ३०० केल्विनची खरखर शंभरपट कमी करून ३ केल्विनइतकी करतो आणि स्वतःची जेमतेम ४ केल्विनची भर घालतो. पुढचे पॅड हेच करत जातात. पॅड जितका थंड, तितकी त्याची स्वतःची खरखर कमी. आज्ञेचा सिग्नलही वाटेत घटतो, पण तो वरून तेवढा मोठा पाठवता येतो.

### चौकट : पॅड मागवण्याआधी

* घट : यंत्राची कमाल मर्यादा सोडाच, त्याच्या आरामाच्या पातळीपर्यंत सिग्नल यायला किती डेसिबल हवेत?
* शक्ती : सरासरी किती, क्षणिक किती, भोवतालचे तापमान किती? दुप्पट वाव ठेवला आहे का?
* दिशा : पॅड एकतर्फी आहे का? जोडताना दणकट पॅड आधी आहे का?
* वारंवारता : संपूर्ण पट्ट्यात घट किती डेसिबलने हलते?
* इम्पिडन्स आणि तोंड : ५० की ७५? नर की मादी? कोणत्या मिलिमीटरचे?
* परावर्तन : पॅडचा स्वतःचा व्हीएसडब्ल्यूआर किती?
* वीज : त्याच तारेतून डीसी पुरवठा जातो का?
* प्रकार : ठाम, स्टेप की इलेक्ट्रॉनिक? मोजलेल्या आकड्यांचा तक्ता हवा का?

### जोडण्याआधी दोन मिनिटे

प्रयोगशाळेत नव्याने काम करणाऱ्यांनी एक सवय लावून घ्यावी. केबल हातात घेण्याआधी कागदावर साखळी मांडावी : स्रोत, पॅड, केबल, पुन्हा पॅड, मापक. प्रत्येक जोडापाशी किती डीबीएम येतात ते लिहावे आणि शेजारी त्या भागाची मर्यादा लिहावी. सगळी बेरीज-वजाबाकी दोन मिनिटांची असते. मग पिन सरळ आहे का, तोंडात कचरा नाही ना, हे पाहून टॉर्क पान्याने जोड आवळावा आणि त्यानंतरच ट्रान्समीटर सुरू करावा. पडून धक्का बसलेला किंवा एकदा जास्त शक्ती सोसलेला पॅड पुन्हा मोजून घेतल्याशिवाय कपाटात ठेवू नये, कारण खोटा झालेला पॅड बाहेरून खऱ्यासारखाच दिसतो.